आईची झोपेची गोळी कमी करायची आहे, औषधाशिवाय झोप कशी सुधारली ते सांगा (सोलापूर)

जुळे_सोलापूर | १२ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

आईसाठी लिहितेय. वय ६१, बीपीची गोळी चालू, शुगर नाही. गेल्या वर्षी वडील गेले आणि तेव्हापासून तिची झोप उडाली. आधी एका मेडिकलवाल्याने चिठ्ठी न बघताच अल्प्राझोलामची पट्टी हातात दिली. नंतर डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी ०.२५ ची रात्री एक, 'थोडे दिवस घ्या' म्हणून लिहून दिली. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. आता गोळी घेऊनही रात्री अडीचच्या सुमारास जाग येते ती येतेच. सकाळी डोकं जड असतं. मागच्या आठवड्यात पहाटे बाथरूमला जाताना तिचा तोल गेला, दाराची चौकट हाताला लागली म्हणून निभावलं. त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

तिचा दिवस असा: रात्री साडेनऊला हॉलमधल्या दिवाणावर आडवी होते, पहाटे साडेपाचला उठते. त्यात खरी झोप पाच-साडेपाच तास. रात्री झोप झालेली नसते म्हणून दुपारी जेवणानंतर दोन तास पडते. चहा चार वेळा, शेवटचा संध्याकाळी सातला मालिका बघताना. दिवाण म्हणजे तिचं सगळं घर आहे म्हणा ना. पेपर तिथेच, मेथी निवडणं तिथेच, बहिणींचे फोन तिथेच, वडिलांच्या फोटोसमोर बसणंही तिथेच.

आता एक गोष्ट, जी मला कळलेली नाही. मध्यंतरी आम्ही मावशीकडे कल्याणला गेलो, सिद्धेश्वर एक्स्प्रेसने. पट्टी घरीच राहिली हे गाडी सुटल्यावर लक्षात आलं. मी घाबरले. पण आई मोहोळ यायच्या आत झोपली! कुर्डुवाडीला माणसं चढली-उतरली, समोरच्या बर्थवरचं बाळ रडलं, हिला पत्ता नाही. पहाटे मीच हलवून उठवलं. घरी शांत खोलीत जी झोप येत नाही ती रेल्वेच्या खडखडाटात कशी आली?

घरगुती उपाय, सवयी, काहीही चालेल. पण स्वतः केलेलं किंवा घरात बघितलेलं सांगा. फॉरवर्ड नकोत.

कडक_भाकरी | १२ एप्रिल, रात्री ११.०५

ताई, आमच्या घरात आज्जीपासून चालत आलेलं सांगतो. झोपायच्या आधी तळपायांना खोबरेल लावून काशाच्या वाटीने घासायचं. माझी आई वडिलांना रोज करून देते. दुधात जायफळाचं एक-दोन वेढे उगाळून. आणि रात्री ज्वारीची भाकरी आणि ताकातली भाजी, शेंगाची चटणी रात्री नको. चटणी आपली लई आवडीची, पण रात्री साडेनऊला खाऊन दहाला आडवं झालं की छातीत जळजळतंय आणि मग उठून बसायची पाळी येतेय.

नवी_पेठ_७७ | १२ एप्रिल, रात्री ११.२०

सरळ बंद करून टाका गोळी. दोन-चार रात्री त्रास होतो, मग शरीर आपोआप लायनीवर येतं. आमच्या शेजारच्या काकांनी असंच केलं.

स्टेथो | १२ एप्रिल, रात्री ११.५५

नवी पेठ, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय, पण हे वाचून कुणी आज रात्री गोळी बंद करू नये म्हणून झोपायच्या आधी उत्तर देतोय.

मी फिजिशियन आहे. अल्प्राझोलाम आणि त्या घराण्यातल्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्यावर एकदम बंद करायच्या नसतात. मेंदूला त्यांची सवय झालेली असते. अचानक तोडल्या तर आधीपेक्षा वाईट निद्रानाश, हातापायाला कंप, घाम, धडधड, आणि काही जणांना फिट येते. ती फिट जीवावर बेतू शकते. रेल्वेतली एक रात्र निभावली, म्हणून ते घरी करून बघायचं नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये या गटातल्या सगळ्या गोळ्यांवर सवय आणि अचानक बंद करण्याच्या धोक्याबद्दल चौकटीतला इशारा छापायला लावला. आपल्याकडे अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये आहे. म्हणजे दुकानदाराने चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाही, आणि दिली की वेगळ्या वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव नोंदवायचं. ज्याने चिठ्ठी न बघता दिली त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

कमी करायची पद्धत डॉक्टर ठरवतात. साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, त्रास वाटला तर तिथेच थांबायचं. ०.२५ ची गोळी घरी ब्लेडने कापून ते नीट जमत नाही, म्हणून कधी कधी जास्त वेळ टिकणाऱ्या दुसऱ्या गोळीवर आणून मग उतरवतात. वय साठीच्या पुढे, त्यात तोल गेलाय, म्हणजे कमी करायचं कारण पक्कं आहे. या वयात अशा गोळीमुळे पडून खुबा मोडलेले पेशंट मी बघितलेत. पण घाई नको.

आता तुमच्या रेल्वेच्या प्रश्नाकडे. पूर्ण धाग्यातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही तिथेच दिलीय. जुना निद्रानाश असलेली बरीच माणसं परक्या जागी चांगली झोपतात. म्हणजे आईची झोपायची क्षमता शाबूत आहे. बिघडलंय ते त्या दिवाणाशी असलेलं नातं. त्या जागेवर ती महिनोन्‌महिने जागी पडून राहिली, काळजी केली, घड्याळ बघितलं, दिवसभर बसली. आता तिथे आडवं झालं की मेंदू झोपेची नाही, जागरणाची तयारी करतो. रिचर्ड बूटझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर उपाय मांडला आणि तो आजही वापरतात. अंथरुण फक्त झोपेसाठी. झोप आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. अंदाजे पंधरा-वीस मिनिटं झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, डोळे मिटायला लागले की परत यायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच.

याच्यासोबत अंथरुणातला वेळ मोजून कमी करणं, झोपेबद्दलच्या भीतीवर बोलणं आणि शरीर सैल करण्याचे व्यायाम, असं मिळून जे होतं त्याला सीबीटी-आय (निद्रानाशासाठीची विचार-वर्तन उपचारपद्धती) म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की जुन्या निद्रानाशाला पहिला इलाज हाच, गोळी नंतर. जुना म्हणजे आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून जास्त.

बाकीचं उद्या लिहितो. आणि गोळीबद्दल एवढं मनात ठेवा: घरात मृत्यू झाल्यावर काही दिवस गोळी देणं चूक नव्हतं. ती थांबवायची तारीख कुणी ठरवली नाही, तिथे अडलं.

घरकुल_कुंभारी | १३ एप्रिल, सकाळी ७.१५

ताई, आई मिश्री लावतात का? विचारलं म्हणून रागावू नका. माझ्या आईने उभा जन्म विड्या वळल्या, आमच्या घरकुलात तिच्या वयाच्या बहुतेक बायका रात्री अंथरुणावर बसून शेवटची मिश्री लावतात. 'मिश्रीशिवाय झोप येत नाही' असं आईसुद्धा म्हणायची. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी समजावलं की तंबाखूतलं निकोटिन जागं ठेवणारं असतं. शांत वाटतं ते तलफ भागल्यामुळे. आधी रात्रीची सोडवली, मग पहाटेची. पहाटेची सोडवायला जास्त वेळ लागला. झोप सुधारली, तोंडातले पांढरे चट्टेही डॉक्टरांना दाखवून झाले.

जुळे_सोलापूर | १३ एप्रिल, सकाळी ९.३०

ताई, राग कसला, बरं झालं विचारलंत. आई मिश्री लावत नाही, पण माझ्या सासूबाई लावतात आणि त्यांचीही झोपेची तक्रार आहेच.

स्टेथो सर, वाचून रात्री उशिरापर्यंत आईशी बोलत बसले. दोन अडचणी. एक म्हणजे घर दोन खोल्यांचं. दिवाण सोडून तिने दिवसा बसायचं कुठे? दुसरी अडचण सोलापूरकरांना सांगायला नको: पाणी. चार-पाच दिवसांनी येतं आणि आमच्या भागात कधी रात्री एकला, कधी तीनला. पाण्याच्या रात्री ती झोपतच नाही, कान नळाकडे. वडील होते तेव्हा ते उठायचे.

रातपाळी | १३ एप्रिल, दुपारी २.५०

आम्ही अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात. आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रातपाळी. यंत्रमागाचा आवाज कानातून जात नाही, घरी आल्यावरही तासभर खट खट चालू असल्यासारखं वाटतं. माझी झोप पार गेली होती. कुणीतरी शिकवलेलं सांगतो, मला उपयोग झाला.

सकाळी सुटल्यावर सायकलवर घरी येताना काळा चष्मा घालायचा, कारण डोळ्यात ऊन गेलं की शरीराला वाटतंय दिवस सुरू झाला. घरी आल्यावर चहा नाही. खोलीच्या खिडकीला आपली जाड चादर, दोन घड्या करून, वरून आणि बाजूनं खिळ्यांना पक्की ताणून. अंधार पडतोय पूर्ण. कानात कापूस. पोरांना सांगून ठेवलंय की अप्पा झोपले की टीव्ही बंद.

स्टेथो साहेब, तुम्ही अंथरुणातला वेळ कमी करायचं लिहिलंय. मशीनवर काम करणाऱ्यानं ते करावं का? आमच्याकडं डुलकी लागली की बोट जातंय.

स्टेथो | १३ एप्रिल, रात्री ९.१०

रातपाळी, फार महत्त्वाचं विचारलंत. नाही, तुम्ही ते स्वतःहून करायचं नाही. यंत्रावर किंवा गाडीवर काम करणारे, फिट येणारे, आणि बायपोलर आजार असलेले, यांनी झोपेचा वेळ कमी करण्याचा उपाय डॉक्टरांशिवाय करू नये. तुमचं अंधाराचं आणि चष्म्याचं अगदी बरोबर आहे, तेच चालू ठेवा.

जुळे सोलापूर ताई, दिवसा बसायला साधी प्लास्टिकची खुर्ची खिडकीपाशी ठेवा आणि मेथी तिथे. पेपर आणि फोनही तिथे. रात्रीसाठी शक्य असेल तर दिवाणाची जागा बदला, डोकं दुसऱ्या बाजूला करा, चादर-उशीचे अभ्रे बदला. किंवा आतल्या खोलीत गादी घाला. रात्री जाग आली तर बसायची जागा आधीच ठरवून ठेवायची, तिथे मंद दिवा, जपमाळ किंवा एखादं जुनं मासिक. मोबाईल नको, टीव्ही नको. घड्याळ भिंतीवरून काढा. ते अडीच वाजलेले बघणं हेच तिचं जागं व्हायचं निम्मं कारण असतं. आणि तोल गेलेला असल्यामुळे रात्री उठायच्या वाटेवर छोटा दिवा हवाच, पायपुसणं नको.

वेळेचं गणित असं. ती अंथरुणात ८ तास असते, झोपते साडेपाच. म्हणजे ६९ टक्के. हे ८५ च्या आसपास यायला हवं. त्यासाठी झोपायला उशिरा जायचं: साडेअकरा ते साडेपाच. सहा तासांच्या खाली तिच्या वयात मी नेणार नाही. सुरुवातीचा आठवडा-दीड आठवडा दिवसा पेंग येईल, चिडचिड होईल, ती म्हणेल याच्यापेक्षा आधीचं बरं होतं. तिथे धरून राहायचं. पण गोळीही चालू आहे, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा.

अजून एक. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का आणि ती रात्री घेतात का, हे चिठ्ठीवर बघा. असेल तर सकाळी घेता येईल का ते विचारा. स्वतः वेळ बदलू नका.

विज्ञान_मास्तर | १३ एप्रिल, रात्री १०.००

स्टेथोंना अनुमोदन. 'उशिरा झोपा म्हणजे चांगली झोप लागेल' हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून त्याच्या मागचं थोडं लिहितो. नववीच्या मुलांनाही मी हे शिकवतो.

अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये झोपेच्या दोन यंत्रणा मांडल्या. पहिली म्हणजे झोपेचा दाब. जागं राहू तितका वेळ मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढत जाते. झोपलं की ते उतरतं. संध्याकाळी पाचला वडापाव खाल्ला की रात्री जेवण जात नाही, तसंच दुपारी दोन तास झोपलं की रात्रीची ओढ आधीच खर्च झालेली असते. चहा-कॉफीतलं कॅफिन अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवतं, म्हणून तरतरी येते. त्याचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, वयाने आणि काही औषधांनी त्याहून जास्त. म्हणजे सातचा चहा बाराला निम्मा अंगात आहे.

दुसरी यंत्रणा शरीराचं घड्याळ. त्याची पेशीच्या आतली रचना फळमाश्यांवर शोधणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ रोज जुळवावं लागतं आणि ते जुळतं सकाळच्या उजेडाने. म्हणून उठायची वेळ पक्की हवी. झोपायची वेळ तिच्यामागे आपोआप येते. सकाळी सहा-साडेसहाला आईंना कंबर तलावाकडे अर्धा तास चालायला न्या. ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. दुपारची झोप एकदम बंद होत नसेल तर वीस मिनिटं, तीनच्या आत, गजर लावून.

माळवद | १४ एप्रिल, सकाळी ६.४०

आता एप्रिल. पुढचे दोन महिने बेचाळीस-त्रेचाळीसच्या सोलापुरात झोपेवर लिहायचं आणि उकाड्यावर नाही, असं कसं चालेल?

झोप लागायच्या वेळी शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. उष्णता हातापायांच्या तळव्यांतून बाहेर जाते. काशाच्या वाटीने तळपाय घासण्यात आमच्या म्हाताऱ्या माणसांना काय सापडलं होतं ते मी सांगू शकत नाही, पण पाय थंड वाटले की झोप येते हा घराघरातला अनुभव आहे. गावाकडं आमचं जुनं घर माळवदाचं. जाड मातीचं छत आणि जाड भिंती, दुपारीसुद्धा आत गारवा. शहरात आलो आणि स्लॅबखाली झोपायला लागलो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत आपल्या अंगावर ती उष्णता सोडत बसतो. कूलर लावा नाहीतर पंखा, वरून भट्टी चालूच.

मी काय केलं ते सांगतो. मार्चच्या शेवटी गच्चीवर चुना मारून घेतला. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडं फेव्हिकॉल, आणि झाडूच्या ब्रशने दोन हात. आधी गच्ची झाडून धुवायची, भेगा बुजवायच्या. पांढऱ्या स्लॅबवर दुपारी अनवाणी पाय ठेवता येतो, शेजारच्या काळ्या स्लॅबवर येत नाही, एवढ्यावरून समजा. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारणारे बरेच आहेत, पण आपल्याकडं पिण्याच्या पाण्याची ही दशा, ते मला पटत नाही. चुना एकदा मारला की हंगाम निघतो.

कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट होऊन जास्त घुसमट होते. गच्चीवर झोपणार असाल तर मच्छरदाणी. आणि अंघोळ. हे ऐकून सगळे चकित होतात: झोपायच्या दीड तास आधी गरम पाण्याची अंघोळ. बर्फाच्या पाण्याची नाही. कोमट-गरम पाण्याने कातडीकडे रक्त येतं आणि नंतर आतली उष्णता भराभर बाहेर पडते. टेक्सासच्या संशोधकांनी २०१९ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, ४० ते ४२.५ अंश पाणी, झोपेआधी एक ते दोन तास, तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते. मे महिन्यात अंगावर घ्यायला नको वाटलं तर नुसते पाय घोट्यापर्यंत कोमट पाण्यात बुडवून बसा.

आयुर्वेदात_रस | १४ एप्रिल, दुपारी १.३०

मी वैद्य आहे, सातरस्त्याला दवाखाना. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे आयुर्वेदात शरीराचे तीन उपस्तंभ. दिवसा झोपू नये असं सांगितलंय, पण ग्रीष्मात मात्र मुभा दिलीय. म्हणून आईंच्या दुपारच्या वीस मिनिटांबद्दल अपराधी वाटू देऊ नका.

कडक भाकरी यांनी जायफळाचं प्रमाण बरोबर लिहिलंय, एक-दोन वेढे. त्याच्या पुढे नको. 'नैसर्गिक' म्हणून चमचाभर पूड घेऊन उलट्या, भ्रम, धडधड झालेल्या व्यक्ती बघितल्यात. अश्वगंधा सध्या प्रत्येकजण ऑनलाइन मागवतो. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील, यकृताचा त्रास असेल, किंवा झोपेची गोळी चालूच असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. माझ्या पेशंटना मी आधी पादाभ्यंग (तळपायांना तेल चोळणं), हलकं रात्रीचं जेवण साडेसातला आणि भ्रामरी प्राणायाम सांगतो. औषध नंतर.

होटगी_रोड | १४ एप्रिल, रात्री ८.२०

पाण्याबद्दल. आमच्या गल्लीने चावीवाल्याला धरून एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. पाणी सोडायच्या आधी तो फक्त 'आज रात्री' किंवा 'आज नाही' टाकतो. त्यामुळे बाकीच्या रात्री कान लावून बसणं थांबलं. माझ्या बायकोची झोप नुसत्या त्या 'आज नाही'ने सुधारली. हौदाला फ्लोट बसवला, भरला की आपोआप बंद. मोटर सकाळी लावतो. पहाटे तीनला मोटर लावायची घाई कुणालाच नसते, ती सवय होती.

ताई, आईंना या कामातून पूर्ण मोकळं करा. 'तू उठू नकोस' म्हणून भागत नाही, त्यांना दिसलं पाहिजे की कुणीतरी उठतंय.

पूर्व_भाग | १४ एप्रिल, रात्री ९.०५

एक वेगळा मुद्दा. आमचे नान्ना (वडील) घोरायचे आणि आम्ही म्हणायचो काय गाढ झोपतात. दिवसा मात्र दुकानात बसल्या बसल्या मान खाली. शेवटी अम्माने सांगितलं की मध्येच श्वास थांबतो आणि मग दचकून आवाज येतो. तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया निघाला. आता रात्री मशीनचा मास्क लावतात. अशा माणसाला झोपेची गोळी दिली तर श्वास जास्त अडतो, हे डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं. ताई, आई घोरतात का ते रात्री एकदा ऐका.

शिवणकाम | १४ एप्रिल, रात्री ९.३०

आणि पाय! रात्री आडवं झालं की पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चाललं की बरं वाटतं. मी ते थकवा म्हणून सोडून दिलं होतं. रक्तात लोह कमी निघालं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, नुसतं हिमोग्लोबिन नाही.

बाळीवेस | १५ एप्रिल, सकाळी ८.००

मिरवणुकांच्या आवाजावर कुणीच बोललं नाही. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलंय, आणि राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. ११२ ला फोन करायला संकोच करू नका. आजारी माणूस घरात असेल तर तेही सांगा.

जुळे_सोलापूर | १५ एप्रिल, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आई घोरत नाही. पाय ठीक आहेत. चिठ्ठी बघितली, बीपीच्या गोळीत लघवीचं औषध आहे आणि ती रात्रीच्या जेवणानंतर घेते! उद्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.

एक गोष्ट आज तिच्याकडूनच कळली. अडीचलाच जाग का, असं मी सहज विचारलं. ती म्हणाली, दवाखान्यातून फोन आला तेव्हा अडीच वाजले होते. मला फोन नंतर आला होता, त्यामुळे वेळ माहीत नव्हती.

स्टेथो | १५ एप्रिल, रात्री १०.५०

ताई, मग हे नुसतं झोपेचं नाही. अंथरुणाचे नियम पाळाच, पण त्यासोबत तिला वडिलांबद्दल बोलायला मिळालं पाहिजे, दिवसा, उजेडात. संध्याकाळी सहाच्या सुमारास तिच्याजवळ बसा. जे मनात येतं ते बोलू दे, लिहू दे, रडू दे. रात्री अडीचला जे एकट्याने येतं त्याला आधीच जागा मिळते. वर्ष होऊन गेलंय आणि दुःख रोजचा दिवस अडवतंय, तर समुपदेशकाची मदत घ्या. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतं आणि मराठीत बोलतात.

जुळे_सोलापूर | ६ जुलै, रात्री ९.४५

बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं म्हणून लिहितेय.

गोळी अजून पूर्ण सुटलेली नाही. डॉक्टरांनी आधी जास्त वेळ टिकणाऱ्या गोळीवर आणलं आणि आता ती थोडी थोडी उतरवताहेत. मध्ये एकदा कमी केल्यावर हात थरथरले, तेव्हा त्यांनी तिथेच थांबवलं, पुढचा टप्पा लांबवला. बीपीची गोळी आता सकाळी.

सुरुवातीचे दिवस फार अवघड गेले. साडेअकरापर्यंत तिला जागं ठेवायचं म्हणजे मला तिच्याबरोबर बसावं लागायचं. दहाला डोळे मिटायला लागायचे, मग आम्ही शेंगा सोलायचो, कपड्यांच्या घड्या घालायचो, अंगणात फेऱ्या मारायचो. दोनदा ती माझ्यावर चिडून रडली. नंतर एका रात्री आडवी झाली आणि माझं दार लावून होईपर्यंत झोपली होती. दिवाण भावाकडे पाठवला, आतल्या खोलीत गादी घातली. भिंतीवरचं घड्याळ काढलं. चहा आता दोनदाच, दुसरा साडेतीनला. सातला गवती चहाचा काढा घेते, साखर-आल्याचा. पाण्याच्या रात्री भाऊ येऊन झोपतो, त्याचा आवाज आला की ती कूस बदलते आणि झोपते.

१४४१६ वर आधी मी बोलले, मग ती. त्यांनी इथल्याच एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. संध्याकाळी समोरच्या अक्का येऊन बसतात. त्यांचेही मालक गेलेत. दोघी बोलतात, मी आत स्वयंपाक करते. अडीचची जाग अजून येते अधूनमधून, पण बहुतेक वेळा पुन्हा डोळा लागतो.

स्टेथो सर, आता ती सव्वाअकराला आडवी होते, साडेपाचला उठते. वहीत लिहिल्याप्रमाणे आठवडाभराची सरासरी झोप साडेपाच तास. वेळ वाढवू का?

स्टेथो | ६ जुलै, रात्री १०.३०

सव्वासहा तासांत साडेपाच, म्हणजे ८८ टक्के. वाढवा. पंधरा मिनिटं, म्हणजे अकराला आडवं व्हायचं. उठायची वेळ साडेपाचच. आठवडाभर वहीत लिहा, ८५ च्या वर राहिलं तर पावणेअकरा. गोळीचा पुढचा टप्पा उतरवाल त्या आठवड्यात मात्र वेळ बदलू नका, एका वेळी एकच बदल.